ऊन लागलेल्या चेहऱ्यावर मेकअप, आणि मुळात ऊन लागू नये म्हणून

बेळगावची हवा उन्हाच्या बाबतीत माणसाला फसवते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. एप्रिल-मेमध्येही दुपारनंतर वारा सुटतो, मधूनच वळवाची सर येऊन जाते, आणि अंगाला चटका बसत नाही म्हणून ऊन फारसं नाहीच असं वाटतं. पण घाम काढणारी उष्णता वेगळी आणि कातडी भाजणारे अतिनील किरण वेगळे. वारा उष्णता घेऊन जातो, किरणांना तो काही करत नाही. अथणी-रायबागकडचा माणूस झळांना कंटाळून आपोआप सावली गाठतो. बेळगाव-खानापुरात मात्र गार वाऱ्यात दोन-तीन तास सहज निघून जातात आणि चेहरा तापलाय हे संध्याकाळी समजतं.

म्हणून अंगाला काय वाटतंय यावर जाऊ नका, सावलीकडे बघा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक. मे महिन्यात आपल्याकडे सकाळी साडेनऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत सावली आखूडच असते. डिसेंबरात हीच वेळ साधारण अकरा ते दोन एवढीच. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास, कारण आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीच्या अलाहाबादजवळच्या) रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. लग्नाचा साडेबाराचा मुहूर्त आणि दिवसातलं सगळ्यांत वाईट ऊन एकाच वेळी येतात, हे वरातीत नाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आणखी एक गोष्ट. बेळगावच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा अगदी माथ्यावर येतो: मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. श्रावणात ढग असतात म्हणून हे जाणवत नाही. पण पातळ ढगातून बहुतेक किरण आरपार येतात, आणि ढग फाटून ऊन पडलं तर ते मे महिन्याइतकंच तीव्र असतं. पावसाळ्यात सनस्क्रीनची ट्यूब कपाटात टाकणाऱ्यांचे गाल बहुधा त्याच दिवसांत काळवंडतात.

सनस्क्रीन: कोणतं आणि किती

डब्यावर दोन गोष्टी बघायच्या. ‘एसपीएफ’ हा आकडा मुख्यतः कातडी भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांचा. ‘पीए’पुढची अधिक चिन्हं यूव्हीए किरणांची, म्हणजे खोलवर जाऊन रापवणाऱ्या, डाग आणि सुरकुत्या आणणाऱ्या किरणांची. एसपीएफ ३० हे भाजणारे किरण सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० हे ९८ टक्के. फरक एका टक्क्याचा, तरीही ५० घ्यावं, कारण आपण लावताना नेहमी कमी लावतो. पीएची निदान तीन अधिक चिन्हं हवीत, चार असतील तर उत्तम. तेलकट चेहऱ्याला जेल, कोरड्याला क्रीम. गालावर वांग असेल तर रंगीत, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड साध्या दिसणाऱ्या प्रकाशालाही अडवतं, आणि वांग त्या प्रकाशानेही वाढतो. शिवाय मेकअपचा अर्धा पाया तिथेच तयार होतो.

प्रमाण हा सगळ्यांत मोठा घोळ. डब्यावरचा एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटीमीटर त्वचेवर २ मिलिग्रॅम इतका जाड थर दिलेला असतो. घरच्या भाषेत सांगायचं तर तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांच्या मुळापासून टोकापर्यंत एकेक ओळ. एवढं फक्त चेहरा आणि मानेला. वाटाण्याएवढं लावून एसपीएफ ५० लावलं असं म्हणता येत नाही. थर अर्धा झाला की संरक्षण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. हिशेब सोपा आहे: ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून दोनदा नीट लावली तर महिनाभरही पुरत नाही. तीन महिने पुरली असेल तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही, नुसता वास लावता.

दोन ओळी एकदम चोळल्या तर चेहरा पांढराफट्ट होतो आणि गोळ्या सुटतात. एक ओळ घ्या, कपाळ, गाल, नाक, हनुवटीवर ठिपके द्या, पसरवा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग दुसरी ओळ. हे सगळं बाहेर पडण्याआधी १५ ते २० मिनिटं. दर दोन तासांनी पुन्हा, आणि घाम पुसला किंवा तोंड धुतलं की लगेच. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असलं तरी ते ४० किंवा ८० मिनिटांपुरतंच असतं, किती ते डब्यावर छापलेलं असतं.

राहून जाणाऱ्या जागा जवळपास सगळ्यांच्या सारख्याच: कानाच्या पाळ्या, भांगाची रेघ, मानेची मागची बाजू, ब्लाउजचा मागचा गळा, पायाच्या वरच्या बाजूला चपलेच्या पट्ट्यांमधली जागा, आणि खालचा ओठ. ओठाला एसपीएफवाला लिप बाम लावा, कारण साधी ग्लॉस ऊन अडवत नाही. डोळ्यांत सनस्क्रीन उतरून झोंबत असेल तर डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडवालं किंवा काडीसारखं स्टिक वापरा. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावायचं नाही, त्याला सावलीतच ठेवायचं.

ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या केलेल्या दुचाकीची डिकी इतकी तापते की क्रीम फाटतं, पाणी आणि तेल वेगळं होतं. असं फाटलेलं सनस्क्रीन नुसतं हलवून पुन्हा जागेवर येत नाही, ते टाकून द्यावं. बाजारात गाड्यावर स्वस्तात मिळणारं घेण्यापेक्षा मेडिकलमधून बॅच नंबर आणि मुदत बघून घेतलेलं बरं.

कापड, सावली आणि बसमधली जागा

क्रीमपेक्षा कापड भरवशाचं, ते घामाने वाहून जात नाही. पण दुचाकीवर गुंडाळायचा पातळ, फिक्या रंगाचा सुती स्कार्फ एकेरी घेतला तर त्यातून बरंच ऊन आत येतं. परीक्षा अशी: कापड उजेडासमोर धरा, पलीकडचं दिसलं तर दुहेरी घ्या. गडद रंग, घट्ट वीण हे चांगलं. ओलं झालेलं पांढरं सुती कापड कोरड्यापेक्षा कमी अडवतं, हे भात लावणीला जाणाऱ्यांनी जाणून असावं. खानापूर भागात रोप लावताना वाकून काम चालतं, तेव्हा चेहरा खाली आणि मान-पाठ वर असते. निपाणी-चिकोडीकडे शेतात जाणाऱ्या बायका साडीवरून घरातल्या पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. त्याहून स्वस्त आणि चांगला उपाय नाही.

काचेबद्दल: गाडीच्या बाजूच्या साध्या काचेतून भाजणारे किरण फारसे येत नाहीत, पण रापवणारे यूव्हीए येतात. म्हणून रोज बसने जाणाऱ्यांचा एकच गाल जास्त काळा होतो. सकाळी बेळगावहून निपाणी-कोल्हापूरकडे निघालात तर ऊन उजवीकडून येतं. दुपारनंतर परत येताना दिशा उलटी, सूर्यही पलीकडे गेलेला, म्हणून ऊन पुन्हा उजवीकडूनच. दोन्ही वेळा डावीकडची जागा धरा. चोर्ल्यावरून गोव्याला किंवा कारवारच्या किनाऱ्याला गेलात तर छत्रीखाली बसूनही भाजायला होतं, कारण वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के किरण परत फेकतो. तिथे हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही सनस्क्रीन हवं.

काही औषधांनी ऊन लवकर बाधतं: डॉक्सिसायक्लिन, मुरुमांसाठी दिलेलं आयसोट्रेटिनॉइन, रेटिनॉल क्रीम, रक्तदाबाच्या काही गोळ्यांतलं हायड्रोक्लोरोथायझाइड. गोळी बंद करायची नाही, सावली वाढवायची.

भाजलंच तर पहिले दोन दिवस

लाली आणि आग तीन ते सहा तासांनी सुरू होते, बारा ते चोवीस तासांत सगळ्यांत जास्त होते, साल निघणं तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, म्हणून ‘आपल्याला सनबर्न होत नाही’ हा समज. हाताची मागची बाजू गालावर ठेवा आणि मग कानामागे ठेवा. गाल जास्त गरम, ताणल्यासारखा, हात लावला की हुळहुळणारा असेल तर ते भाजणंच आहे.

गार पाण्याच्या पट्ट्या १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. बर्फ थेट लावायचा नाही, भाजलेल्या कातडीला त्याने पुन्हा इजा होते. चेहरा ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचं जेल. घरची कोरफड वापरायची तर पान कापून पिवळा चीक पूर्ण निथळू द्या, तो चीक खाज आणतो. कॅलामाइन चालेल, पण कातडी फार कोरडी वाटली तर बंद करा. पाणी, ताक भरपूर. दुखणं जास्त असेल तर पॅरासिटामॉल. मोठे फोड, ताप, उलटी, चक्कर किंवा डोळे दुखणं असेल तर घरचे उपाय थांबवून दवाखान्यात जा. फोड फोडायचे नाहीत.

आता जे करायचं नाही ते, कारण नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं. लिंबू चोळून उन्हात गेलं तर लिंबाच्या रसातले घटक आणि ऊन मिळून कातडी आणखी भाजते आणि महिनोन्महिने न जाणारे तपकिरी डाग पडतात. टूथपेस्ट नको. बेसन-हळदीचं उटणं, साखरेचा स्क्रब, ब्लीच, फेशियल, थ्रेडिंग, वॅक्सिंग हे सगळं कातडी पूर्ण बरी होईपर्यंत बंद, म्हणजे निदान दोन आठवडे. भाजलेल्या जागी थ्रेडिंग केलं तर दोऱ्याबरोबर कातडीही सोलून येते. पार्लरवालीने ‘टॅन जाईल’ असं कितीही सांगितलं तरी नाही म्हणा.

मेकअप कधी

आग, दुखणं, फोड, पाझर यांतलं काहीही असेल तर चेहऱ्यावर फाउंडेशन लावू नका. काजळ आणि लिपस्टिक लावून वेळ मारून न्या. गाल गरम लागत नाही, मॉइश्चरायझर लावल्यावर झोंबत नाही आणि ओली कातडी उरलेली नाही, या तिन्ही गोष्टी जमल्या की सुरुवात करता येते. बहुतेकांना त्याला चार ते सात दिवस लागतात. लग्न चार दिवसांवर असताना रविवारी गोव्याला जाणं म्हणूनच महागात पडतं.

मेकअपने रंग झाकता येतो, पोत झाकता येत नाही. निघालेल्या सालीवर जितके थर द्याल तितकी ती उठून दिसते, ओल धरलेल्या भिंतीवर डिस्टेंपर मारल्यासारखी. त्यामुळे सगळी मेहनत मेकअपच्या आधीच्या अर्ध्या तासात.

कोमट पाण्याने, फेस न करणाऱ्या क्लेन्झरने चेहरा धुवा, टॉवेलने टिपा, चोळू नका. सैल झालेली साल बोटाने ओढायची नाही, कारण ती जिथे अजून चिकटलेली असते तिथली नवी कातडीही निघते. लहान स्वच्छ कात्रीने फक्त सुटलेलं टोक कापा. जिथे पापुद्रे आहेत तिथे बोटाने व्हॅसलिनचा अगदी पातळ थर दाबून दहा मिनिटं ठेवा आणि मग टिश्यूने पूर्ण टिपून घ्या. हे टिपणं विसरलात तर त्यावर सनस्क्रीन घसरतं आणि फाउंडेशनला ठिगळं पडतात. मग उरलेल्या चेहऱ्याला मॉइश्चरायझर, पाच-दहा मिनिटं थांबा. मग सनस्क्रीन, वर सांगितल्याप्रमाणे दोन ओळी, एकीनंतर एक, आणि पुन्हा पंधरा मिनिटं. साडीच्या निऱ्या याच वेळात करून घ्याव्यात.

फाउंडेशनवर ‘एसपीएफ १५’ छापलेलं असतं म्हणून सनस्क्रीन गाळू नका. तो आकडा खरा व्हायला फाउंडेशनही दोन बोटं लागेल, आणि तेवढं कोणी लावत नाही.

आता रंग. लालीवर हिरवा करेक्टर, म्हणजे डाग दबवणारं रंगीत क्रीम, लावतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गव्हाळ आणि सावळ्या चेहऱ्यावर तो राखेसारखा दिसतो. तिथे पिवळसर किंवा पीच रंग घ्या. तपकिरी चट्ट्यांवर गव्हाळ रंगाला पीच, सावळ्याला नारिंगी. तांदळाच्या दाण्याएवढा, फक्त डागावर, करंगळीच्या शेजारच्या बोटाने टिपून. डागाच्या बाहेर गेलात तर पुढच्या थरातून नारिंगी डोकावतो.

फाउंडेशन निवडताना गालावर लावून बघू नका. चेहरा रापलेला, गळा उजळ, अशा वेळी जबड्याच्या कडेला तीन छटा उभ्या ओढा, दारात उजेडात उभं राहून आरशात बघा, आणि गळ्याशी मिसळणारी घ्या. दुकानातल्या पिवळ्या-पांढऱ्या दिव्याखाली निवड चुकतेच. ‘दोन शेड उजळ करा’ ही मागणी वधूपक्षाकडून हमखास येते. रापलेल्या कातडीवर उजळ फाउंडेशन गोरं करत नाही, ते करडं दिसतं, आणि फोटोत तर जास्तच. आपल्या छटेचं घेऊन ओठ आणि डोळे ठसठशीत केले की चेहरा आपोआप उजळ वाटतो.

स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून, टॉवेलमध्ये दाबून कोरडा करा. फाउंडेशनचा अर्धा पंप हाताच्या मागच्या बाजूवर घ्या, स्पंज टेकवा आणि चेहऱ्यावर दाबत जा, ओढू नका. मध्यभागापासून बाहेर. पुरलं नाही तर उरलेला अर्धा, फक्त लागेल तिथे. ब्रश सालीची टोकं उभी करतो, म्हणून या वेळेला स्पंजच. लावताना गोळ्या सुटल्या तर कारण तीनपैकी एक: आधीचा थर सुकलेला नाही, तुम्ही चोळलं, किंवा सनस्क्रीनमध्ये डायमेथिकोनसारखं सिलिकॉन जास्त आहे आणि फाउंडेशन पाण्याचं आहे. वरून आणखी लावून ते सुधारत नाही. तेवढाच भाग ओल्या कापसाने काढा आणि सनस्क्रीनपासून पुन्हा करा.

पावडर फक्त कपाळाचा मधला भाग, नाक आणि हनुवटी. पापुद्र्यांवर पावडर बसली की ते पांढरे दिसतात. चमकणारा हायलायटरही गालाचा खडबडीतपणा दाखवतो, आज राहू द्या. सेटिंग स्प्रेच्या घटकांत पहिल्या दोन-तीन नावांत अल्कोहोल असेल तर तो झोंबेल. निघण्याआधी खोलीतला दिवा मालवून मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढा. झिंक, टायटॅनियम किंवा सिलिका पावडरमुळे चेहरा भुतासारखा पांढरा येत असेल तर ते आत्ताच कळेल, अल्बममध्ये नको.

लग्नघरातल्या अडचणी

हळदीला गच्चीवर किंवा मांडवात सकाळी दहाला बसवतात, आणि नवरीला दुसऱ्या दिवशीच्या अक्षतांच्या आधीच ऊन लागतं. मांडवाला वरून जाड कापड आहे का ते बघा, नुसती फुलांची झालर सावली देत नाही. आधीच भाजलेल्या चेहऱ्यावर हळद चोळू देऊ नका. गालाला बोट टेकवलं तरी रीत पूर्ण होते, उरलेली हातापायाला. हे घरच्या काकी-मावशींना आधी सांगून ठेवावं, पाटावर बसल्यावर कोणी ऐकत नाही. मुंडावळ्यांचा दोरा नेमका कपाळावर घासतो. साल निघत असेल तर त्याखाली मऊ सुती पट्टी घ्या, केसांच्या कडेने, म्हणजे दिसत नाही. टिकलीचा गोंद काढताना नवी कातडी घेऊन येतो, त्या दिवसांत कुंकू लावा किंवा लिक्विड कुंकवाने चंद्रकोर काढा. तेही आधी हातावर लावून बघा.

दोन तासांनी मेकअपवर सनस्क्रीन पुन्हा कसं लावायचं? टिश्यूने घाम आणि तेल टिपा. ओलसर स्पंजवर सनस्क्रीन घेऊन दाबत लावा, दोन फेऱ्यांत. घाई असेल तर स्टिक, एकेका जागी तीन-चार वेळा फिरवून, मग बोटाने थोपटून. एसपीएफवाली पावडर वरखर्चाला ठीक, तेवढ्यावर भागत नाही. देवदर्शनाला डोंगर चढायचा असेल, सौंदत्तीला किंवा चैत्रात जोतिबाला, तर मेकअप सोडाच, टिंटेड सनस्क्रीन, काजळ आणि डोक्यावर पदर एवढंच पुरे.

रात्री मेकअप काढताना क्लेन्झिंग बाम किंवा तेल हलक्या बोटांनी मिनिटभर फिरवा, ओल्या कापसाने उचला, मग सौम्य क्लेन्झर. वॉटरप्रूफ फाउंडेशन या दिवसांत नकोच, ते निघता निघत नाही आणि घासावं लागतं. स्पंज त्याच रात्री साबणाने धुवा आणि उघड्यावर वाळवा. सोललेल्या कातडीवर घाणेरडा स्पंज लावला की पुरळ आणि पू होतो.

उरलेला काळेपणा काही आठवड्यांपासून काही महिन्यांत हळूहळू उतरतो, सनस्क्रीन चालू ठेवलं तरच. एवढा वेळ थांबवत नाही म्हणून लोक मेडिकलमधून ‘गोरं करणारी’ ट्यूब आणतात. तिच्यावरची नावं वाचा: बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असेल तर ते स्टेरॉइड आहे. पहिले काही दिवस चेहरा खरंच उजळतो. मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतात, आणि ट्यूब थांबवली की आग होते म्हणून ती सोडवतही नाही. आधीपासून लावत असाल तर एकदम बंद न करता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. दोन-तीन महिन्यांनंतरही न उतरलेले डाग, किंवा आकार वा रंग बदलणारा तीळ, यांसाठीही तिथेच जायचं. जाताना चेहऱ्यावर फाउंडेशन नको आणि वापरत असलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या.